नाईट ड्यूटीनंतरची पदवी

नोकरी करणाऱ्या परिचारिकेने पुढे शिकायचे ठरवले की तिला सगळीकडून एकच सल्ला मिळतो: स्वस्त बघ, मान्यताप्राप्त बघ आणि जमले तर ऑनलाइनच कर. वॉर्डातल्या सिनियर सिस्टर हेच सांगतात, घरची माणसे हेच सांगतात, आणि जाहिराती तर हे तिन्ही शब्द एका दमात उच्चारतात. सल्ला आपुलकीचा असतो, पण उथळ असतो. मान्यता कुणाची, स्वस्त कुणाला, ऑनलाइन म्हणजे शिक्षणाचा नेमका कोणता भाग, हे प्रश्न त्यात विचारलेलेच नसतात. शिवाय पदवी ही परिचारिकेची खासगी खरेदी आहे, असे त्यात मुकाट्याने गृहीत धरलेले असते.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. नोकरीतल्या परिचारिकेची पदवी ही सार्वजनिक बाब आहे. तिचा लाभ रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचतो, म्हणून तिचा भार एकट्या परिचारिकेने वाहावा हे न्यायाचे नाही. आणि जोवर तो भार तिच्याच डोक्यावर आहे, तोवर तिने फी आणि सोय यांच्या आधी मान्यता आणि वेळ यांचा हिशेब मांडला पाहिजे. हे म्हणणे मी पायरीपायरीने मांडतो. (लेखात ‘परिचारिका’ म्हटले असले, तरी त्यात वॉर्डातले ब्रदरही आलेच.)

१. जे विकले जाते, ते मुळात आहे का?

भारतात नर्सिंगचे पदवी शिक्षण १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे सुरू झाले. त्यानंतरच्या काळात शिक्षणाची एक शिडी तयार झाली. ए.एन.एम. दोन वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. जी.एन.एम. करून नोकरीला लागलेल्यांसाठी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम. नोकरी करता करता पदवी शोधणारी परिचारिका बहुधा याच जी.एन.एम.च्या पायरीवर उभी असते. हातात कौशल्य असते, नोंदणी असते, अनुभव असतो, फक्त नावापुढे पदवी नसते.

तिच्यासाठी पहिली कटू वस्तुस्थिती ही की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने जे विषय शिकवायला मनाई केली, त्यांत अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, विधी यांच्याबरोबर नर्सिंगही आहे. म्हणजे ‘घरबसल्या बी.एस्सी. नर्सिंग’ अशी जाहिरात दिसली, तर फीचा आकडा वाचण्याची गरजच उरत नाही. ती पहिल्याच ओळीत खोटी ठरते.

याला एक जुना, वेगळा मार्ग आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा, पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेच्या मान्यतेने चालत आलेला आहे. तो सेवेत असलेल्या नोंदणीकृत परिचारिकांसाठीच आहे. जी.एन.एम.नंतर किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि किमान तीन वर्षे अभ्यास करावा लागतो. नाव दूरस्थ असले तरी हे शिक्षण दूर बसून पुरे होत नाही. नेमून दिलेल्या केंद्रावर आणि रुग्णालयात हजर राहून प्रात्यक्षिके करावीच लागतात. ज्या सत्रात प्रवेश घ्यायचा, त्या सत्रापुरती मान्यता आहे की नाही, हे प्रत्येकीने स्वतः तपासायला हवे.

२. मान्यता एक नसते, तीन असतात

‘मान्यताप्राप्त’ हा शब्द एकवचनी वापरला जातो, इथेच फसगत होते. मान्यतेचे तीन थर असतात आणि एका थराची मान्यता दुसऱ्या थराला चालत नाही.

पहिला थर विद्यापीठाचा. संस्था कायद्याने पदवी देऊ शकते का, हे विद्यापीठ अनुदान आयोग सांगतो. दुसरा थर व्यवसायाचा. ती पदवी परिचर्येची पदवी म्हणून धरायची की नाही, हे १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद आणि राज्याची परिषद ठरवते. परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये नवा कायदा केला. नियामकाचे नाव बदलले तरी हा दुसरा थर राहणारच आहे. तिसरा थर पदवी वापरण्याच्या जागेचा. सरकारी भरतीत सेवाप्रवेश नियम बोलतात, आखातात जायचे असेल तर डेटाफ्लोसारखी पडताळणी थेट मूळ संस्थेकडे चौकशी करते, आणि पुढच्या शिक्षणात त्या अभ्यासक्रमाची प्रवेशाची अट बोलते.

पहिला थर आहे म्हणून दुसराही असेल, असे धरून चालणाऱ्यांचे काय होते, याचा दाखला आपल्या न्यायालयीन इतिहासात आहे. काही अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेची मंजुरी न घेता दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांना परीक्षा देऊन पदवी वाचवण्याची संधी मिळाली. त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द झाल्या. त्यांत नोकरी सांभाळून शिकलेले, त्या पदवीवर बढती मिळवलेले लोक होते. त्यांनी फी भरली होती, परीक्षा दिल्या होत्या, संस्थेच्या नावात ‘विद्यापीठ’ हा शब्दही होता. तरी पदवी टिकली नाही, कारण दुसरा थर रिकामा होता. परिचारिकेने हा निकाल आपल्याच व्यवसायाचा समजून वाचावा.

याची दुसरी बाजूही आहे. हॉस्पिटल मॅनेजमेंटमधली एम.बी.ए. ऑनलाइन करता येते, ती कायदेशीर असू शकते आणि प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या परिसेविकेला ती उपयोगीही पडेल. पण ती परिचर्येची पदवी होत नाही. तिच्या आधारावर एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळत नाही, नर्सिंग कॉलेजात शिकवता येत नाही. वाईट पदवी आणि चुकीची पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नोकरी करणाऱ्या बाईचे तीन वर्षांचे कष्ट दुसरीतही तितकेच वाया जातात.

३. स्वस्त म्हणजे फी कमी, हा हिशेब अर्धा आहे

आता पैशाकडे वळू. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेल्यावर २०१६ मध्ये केंद्राने समिती नेमली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिन्याला किमान २०,००० रुपये वेतन असावे, अशी तिची शिफारस होती. ती शिफारसच राहिली. अनेक ठिकाणी हातात पडणारा पगार त्याहून कमी असतो. तरी हाच आकडा धरू. दोन वर्षांच्या नियमित पोस्ट बेसिकसाठी नोकरी सोडली, तर २४ महिन्यांचे ४,८०,००० रुपये गेले. कॉलेजची फी निम्मी केली तरी हा आकडा तसूभर हलत नाही. खरी किंमत फीमध्ये नाही, गमावलेल्या वेतनात आहे.

नोकरी न सोडता शिकायचे ठरवले, तर किंमत वेळेच्या रूपाने चुकवावी लागते. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या बाईचा मोकळा वेळ म्हणजे प्रत्यक्षात तिची झोप. नाईट संपवून, हॅन्डओव्हर देऊन, घरी जाऊन स्वयंपाक उरकून ती पुस्तक उघडते. केंद्रावरच्या प्रात्यक्षिकांसाठी रजा लागते, रजा नसेल तर सहकारणीशी ऑफ बदलून घ्यावा लागतो, आणि ती मदत पुढे सणावाराला फेडावी लागते. हा खर्च कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेला नसतो.

हा खर्च कुणाला किती पडतो, हे मालक कोण यावर ठरते. सरकारी सेवेतल्या अधिपरिचारिकेसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद तरी आहे. ती मंजूर करून घेणे सोपे नाही, पण हक्काने मागता येते. खासगी रुग्णालयातल्या सिस्टरला मागायलाही आधार नाही. उलट काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या कपाटात अडकलेली असतात, त्यामुळे प्रवेशाचा अर्ज भरण्यापासूनच अडवणूक सुरू होते. तेव्हा ‘स्वस्त पदवी शोध’ असे तिला सांगणे म्हणजे ज्या खर्चावर तिचा ताबा नाही, त्याचा दोष तिच्या निवडीवर टाकणे होय.

४. बंदी रास्त आहे, पण तिने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या

नर्सिंग ऑनलाइन शिकवू नये, हे तत्त्व मला मान्य आहे. शिरेत सुई घालणे, श्वास अडकलेल्या रुग्णाची स्थिती बदलणे, प्रसूतीच्या वेळी हाताला काय जाणवते ते ओळखणे, हे पडद्यावर शिकता येत नाही. पण हे तत्त्व नोंदणीपूर्व शिक्षणाचे आहे. ज्या मुलीने अजून एकही रुग्ण हाताळलेला नाही, तिला घरी बसून परिचारिका करता येणार नाही.

नोंदणी झालेल्या, पाच-दहा वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या परिचारिकेची गोष्ट निराळी आहे. पदवीच्या पायरीवर तिला बरेचसे जे मिळवायचे असते, ते संशोधनाची ओळख, व्यवस्थापन, सामुदायिक आरोग्य, अध्यापन, पुरावा तपासून निर्णय घेण्याची सवय. यातला मोठा भाग पडद्यावर उत्तम शिकवता येतो. उरलेल्या प्रात्यक्षिकासाठी ती रोज ज्या रुग्णालयात उभी असते, ते योग्य देखरेखीखाली उपयोगी पडू शकते. अमेरिकेत नोकरीतल्या परिचारिकांच्या ऑनलाइन पदव्या याच फरकावर उभ्या आहेत. तिथे परवाना परीक्षा आधी होते, परिचारिका कामाला लागते, आणि पदवी मागाहून पूर्ण करता येते. न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कायदाच केला की नव्या नोंदणीकृत परिचारिकेने दहा वर्षांत पदवी पूर्ण करावी. दहा वर्षे दिली याचा अर्थ शिक्षण आणि नोकरी एकत्र चालणार, हे कायद्याने मान्य केले.

आपल्याकडेही हा फरक अनोळखी नाही. आयुष्मान भारतखालील आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी समुदाय आरोग्य अधिकारी हवे होते, तेव्हा परिचारिकांसाठी सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम उभा राहिला आणि नेमलेल्या रुग्णालयांत प्रात्यक्षिकेही झाली. परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम तर रेसिडेन्सी पद्धतीचा आहे; अतिदक्षता विभागात काम करत करत शिकायचे, हाच त्याचा गाभा. काम आणि शिक्षण एकत्र गुंफता येतात, हे व्यवस्थेला ठाऊक आहे. गरज व्यवस्थेला वाटली की वाट निघते. गरज परिचारिकेला वाटली तर मात्र तिने आपली वाट आपण शोधायची, एवढाच फरक आहे.

महाराष्ट्राला तर हे सहज जमावे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून, दोन्ही नाशिकमध्येच आहेत. एकाला नोकरदार माणसापर्यंत शिक्षण नेण्याचा अनुभव आहे, दुसऱ्याला आरोग्यशिक्षणाची शिस्त राखण्याचा. सिद्धान्त ऑनलाइन, प्रात्यक्षिक जिल्हा रुग्णालयात, परीक्षा आरोग्य विद्यापीठाची आणि मान्यता परिषदेची, असा केवळ नोंदणीकृत परिचारिकांसाठीचा मिश्र अभ्यासक्रम व्हावा यासाठी नियमांत नेमका बदल मागणे, हे बंदी उठवा म्हणण्यापेक्षा अधिक जबाबदारीचे आहे.

५. या पदवीचा लाभ कुणाला होतो?

पदवी हा खासगी फायदा असेल, तर खर्चही खासगी असावा, असे कुणी म्हणेल. म्हणून लाभ कुठे जातो ते पाहणे भाग आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तिथे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ५ टक्क्यांनी कमी आढळली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांमधील ३०० रुग्णालयांच्या अभ्यासात हीच घट ७ टक्के निघाली. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते.

हे अभ्यास परस्परसंबंध दाखवतात. पदवी हेच एकमेव कारण असे ते सिद्ध करत नाहीत. आपली रुग्णालयेही युरोपातल्यासारखी नाहीत. तरी दोन गोष्टी त्यांतून घ्याव्या लागतात. एक, परिचारिकेच्या शिक्षणाचा लाभ रुग्णाच्या जिवाशी जोडलेला आहे, तो केवळ तिच्या पगारापुरता नाही. दोन, शिक्षण आणि कामाचा भार या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो. तीस-चाळीस रुग्णांच्या वॉर्डात रात्री एकटी असलेली सिस्टर कितीही शिकली, तरी शिकलेले वापरायला तिच्या हाताशी वेळ नसतो. म्हणून पदवी द्या आणि माणसे वाढवू नका, हे धोरण निम्मेच राहील.

६. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: पडदा आला की बनावटगिरी आलीच. बनावटगिरीची भीती खोटी नाही, पण ती पडद्याशी बांधलेली नाही. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेत फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांमधून ७,६०० हून अधिक बनावट पदविका विकल्या गेल्याचे उघड झाले. त्यांपैकी सुमारे २,४०० जण परवाना परीक्षाही उत्तीर्ण झाले होते. यातून धडा असा की एका परीक्षेवर विसंबून चालत नाही. प्रत्यक्ष केलेल्या तासांची नोंद आणि तिची पडताळणी ठेवावी लागते. शिकवण्याचे माध्यम कोणतेही असो, प्रात्यक्षिकाची खरी नोंद हाच कणा आहे. आपल्याकडेही कागदावर खाटा आणि कागदावर हजेरी दाखवणाऱ्या संस्थांबद्दल नर्सिंगमधली माणसेच खंत करतात. तिथे तर वर्ग भिंतींच्या आतच भरत असतात.

दुसरा आक्षेप: अनुभव असताना पदवी कशाला? अनुभवाचे मोल मी कमी करत नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीतही पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव असलेल्या जी.एन.एम. परिचारिकेला पदवीधरांबरोबर अर्ज करता येतो. तेव्हा केवळ नोकरीसाठी पदवी अनिवार्यच आहे, असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. पण अनुभव आपल्याला काय माहीत आहे ते पक्के करतो. आपल्याला काय माहीत नाही, हे बहुतेक वेळा शिक्षण दाखवते. शिवाय शिकवणे, संशोधन, विशेष कौशल्याच्या जागा, धोरण ठरवणाऱ्या समित्या, ही दारे पदवीवाचून उघडत नाहीत. ती बंद राहिली तर परिचर्येविषयीचे निर्णय परिचर्या न केलेली माणसेच घेत राहतील.

तिसरा आक्षेप रुग्णालय चालकांचा: आम्ही शिकवायचे आणि ती परदेशी जायची. ही चिंता समजण्यासारखी आहे. तिचे उत्तर मुदतीच्या, लेखी आणि दोन्ही बाजूंना बांधणाऱ्या करारात आहे: रुग्णालयाने फी आणि रजा द्यावी, परिचारिकेने ठरावीक काळ सेवा द्यावी. प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे हे त्याचे उत्तर नव्हे. शिकण्याची संधी देणारे रुग्णालय सोडण्यापेक्षा ती न देणारे रुग्णालय सोडण्याची कारणे परिचारिकेकडे जास्त असतात.

७. मग निवड कोणत्या क्रमाने करावी?

व्यवस्था बदलेपर्यंत परिचारिकेला आजच निर्णय घ्यायचा असतो. तिच्यासाठी क्रम असा.

पहिला प्रश्न: मला नेमके कुठे जायचे आहे? अध्यापन, विशेष शुश्रूषा, प्रशासन की परदेश? दुसरा: तिथली माणसे कोणती पदवी धरतात, हे त्या जागेच्या नियमांत मी स्वतः वाचले आहे का? तिसरा: हा अभ्यासक्रम, हे केंद्र आणि हे सत्र या तिघांनाही परिषदेची मान्यता आहे का, आणि पदवी मिळाल्यावर राज्य परिषद तिची नोंद घेईल का? उत्तर परिषदेकडून घ्यावे, प्रवेश देणाऱ्याकडून नाही. चौथा: प्रात्यक्षिके कुठे, किती दिवस, आणि तेवढी रजा मला लेखी मिळेल का? फीचा प्रश्न पाचवा, आणि त्यात बुडणारे वेतन मिळवूनच बेरीज करावी. पहिल्या चारपैकी एकाचेही उत्तर अडखळले, तर पाचव्याचे उत्तर कितीही आकर्षक असो, अर्ज भरू नये.

८. अभ्यासाची पाळी

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी परिचारिकेने पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा परिचर्या परिषदेनेच ठेवली आहे. म्हणजे शिकत राहणे हा तिच्या कामाचा भाग आहे, हे कागदावर मान्य झालेले आहे. जे कामाचा भाग आहे, ते कामाच्या वेळेत बसले पाहिजे. शिक्षण घ्यावे अशी सक्ती करायची आणि त्यासाठी लागणारे तास तिच्या झोपेतून काढायचे, हा दुटप्पीपणा आपण थांबवला पाहिजे.

म्हणून माझी विनंती अधिसेविकांना, रुग्णालयांच्या व्यवस्थापकांना आणि आरोग्य खात्याला आहे. पदवी करणाऱ्या परिचारिकेच्या नावापुढे ड्यूटी लिस्टमध्ये सकाळ, दुपार आणि रात्र यांच्याबरोबर आठवड्यातून एक पाळी अभ्यासाची लिहा आणि ती पगारी धरा. परिचारिकेला स्वस्त पदवी शोधायला सांगण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच येईल.